चीननं करून दाखवलं, पण कुणाच्या जिवावर?

लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘चीननं बघा कसं करून दाखवलं! आपल्याकडे तसाच कडक कायदा पाहिजे.’ बँकेतले साहेब म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणतात, आरोग्य शिबिरात भाषणाला आलेले डॉक्टरही म्हणतात. अलीकडे या वाक्याला एक जुळं भावंड झालं आहे. ‘चीनकडे बघा, म्हातारा झाला तो देश. आता मुलं वाढवा.’ डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी दोनाहून जास्त, म्हणजे तीन मुलांचा हिशेब मांडला. त्याच सुमारास आंध्र प्रदेशानं स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढून टाकली.

दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. बाईचं गर्भाशय म्हणजे जणू सरकारच्या अंगणातला नळ. पाणी जास्त झालं की तोटी आवळायची, कमी पडलं की सैल करायची. चीनच्या खेड्यांत सत्तर वर्षं हेच झालं. म्हणून चीनची गोष्ट आपण आपल्या बाजूनं, बाईच्या बाजूनं, एकदा नीट सांगून घ्यायला हवी. ती फक्त ‘एक मूल’ धोरणाची गोष्ट नाही. लग्न, शेत, चूल, मूल, म्हातारपण, गाव सोडणं, या सगळ्यात चीनच्या सरकारनं हात घातला. जगात क्वचितच एखादं सरकार कुटुंबाच्या इतकं आत शिरलं असेल. हात घातला नाही तो एकाच ठिकाणी: मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा घरी राहतो, घराचा कर्ता पुरुष असतो. ही रीत तशीच ठेवून तिच्यावर एकामागून एक धोरणांचे मजले चढवले. ते मजले कोसळले तेव्हा खाली बाया होत्या.

सुरुवात १९५० पासून करू. सत्ता मिळाल्यावर नव्या सरकारनं केलेल्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी एक होता विवाह कायदा. आईबापांनी परस्पर ठरवलेली लग्नं बंद, बालविवाह बंद, रखेल ठेवणं बंद, बाईला घटस्फोट मागण्याचा हक्क. जमीनवाटपात बायकांचंही डोकं मोजलं गेलं. आपल्याकडे हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांना राजीनामा द्यावा लागला, त्याच्या आदल्या वर्षी तिकडे हे झालं होतं. या कायद्याचं मोल कमी करायचं कारण नाही. त्याच्या आधारानं हजारो बायका मारकुट्या नवऱ्याला सोडून बाहेर पडल्या.

पण पुढं काय झालं? खेड्यातला पुरुष बिथरला. आयुष्यभर राबून, हुंडा उलटा मोजून आणलेली बायको कायद्याच्या कागदावर निघून जाते म्हणजे काय! घटस्फोट मागणाऱ्या बायकांना मारहाण झाली, हजारोंचे जीव गेले, कित्येकींनी आपणहून विहीर जवळ केली. गावपातळीवरचे पक्षाचे कार्यकर्ते बहुतेक त्याच पुरुषांपैकी होते. १९५३ मध्ये कायद्याच्या प्रचाराची मोठी मोहीम झाली आणि त्यानंतर पक्षानं हळूच काढता पाय घेतला. भांडणं मिटवा, घर मोडू नका, असा सूर लागला. ज्यूडिथ स्टेसी या अभ्यासक बाईंनी १९८३ मध्येच याचा अर्थ उलगडून दाखवला होता. क्रांतीनं जमीनदाराची पुरुषसत्ता मोडली आणि ती गरीब शेतकऱ्यांत समान वाटली. प्रत्येकाला थोडी जमीन, प्रत्येकाला एक बायको.

मग सहकारी शेती आली, १९५८ मध्ये कम्यून आले. बायका घराबाहेर पडल्या, शेतात पुरुषांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या. ‘अर्धं आकाश आमचं’ ही घोषणा आपण मोर्च्यात दिली ती तिथलीच. पण मजुरी गुणांवर मोजली जायची. पुरुषाला दिवसाचे १० गुण, बाईला बहुतेक ठिकाणी ७ किंवा ८, ती कितीही राबली तरी. शान्सी प्रांतातल्या शीगोउ गावात शेन जीलान नावाच्या तरुण बाईनं याविरुद्ध गावातल्या बायका उभ्या केल्या, कामाच्या शर्यतीत पुरुषांना हरवलं आणि समान गुण मिळवले. सरकारनं तिला डोक्यावर घेतलं. १९५४ पासून २०२० मध्ये मरेपर्यंत ती देशाच्या प्रत्येक लोकप्रतिनिधी सभेची सभासद होती. सत्कार तिचा झाला. समान गुण बाकीच्या गावांत फारसे पोचले नाहीत.

शिवाय ते गुण बाईच्या हातात पडतच नव्हते. वर्षाखेरीला सगळ्या घराचा हिशेब कर्त्या पुरुषाच्या नावावर निघायचा. गेल हर्शॅटर या इतिहासकार बाई शेन्सी प्रांतातल्या म्हाताऱ्यांशी वर्षानुवर्षं बोलल्या. त्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत घोषणा कमी आहेत, रात्री जास्त आहेत. दिवसभर कापसाच्या शेतात, रात्री दिव्याच्या उजेडात घरातल्या सगळ्यांसाठी कापडी बूट शिवायचे, सूत काढायचं. हे काम कुठल्याच वहीत गुण म्हणून लिहिलं गेलं नाही. अर्थात आपल्यापैकी कुणाला हे समजावून सांगायला नको.

आता येऊ त्या वळणावर, जिथून पुढची सगळी पडझड सुरू झाली. १९७८ चा शेवट. आन्हुई प्रांतातलं शियाओगांग गाव. अठरा घरांच्या कर्त्यांनी चोरून एका कागदावर सह्या-अंगठे केले: सामूहिक शेती पुरे, प्रत्येक घरानं आपापला तुकडा कसायचा. सरकारनं पुढं हेच धोरण देशभर नेलं आणि १९८४ पर्यंत कम्यून संपले. पीक वाढलं, पोटं भरली, हे खरंच आहे. पण शेत ‘घराला’ मिळालं आणि घर म्हणजे कर्ता. कम्यूनमध्ये निदान बाईच्या नावापुढं तिचे गुण लिहिले जात होते. आता ती पुन्हा नवऱ्याच्या शेतातली बिनपगारी मजूर झाली. पाळणाघरं गेली, गावपातळीवरची स्वस्त आरोग्यव्यवस्था मोडली. म्हाताऱ्याला पेन्शन नव्हतीच. ग्रामीण वृद्धांसाठी पेन्शनची योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू व्हायला २००९ उजाडलं, आणि तेव्हाही सरकारी रक्कम होती महिना ५५ युआन, म्हणजे साधारण चारशे रुपये.

म्हणजे खेड्यातल्या नवराबायकोला सरकारनं सांगितलं काय? शेत तुमचं तुम्ही कसा. आजारपण तुमचं तुम्ही काढा. म्हातारपणी तुमच्या मुलानं तुम्हाला सांभाळावं. आणि मुलगी तर लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार. अशा घराला मुलगा लागतो. तो वंशाच्या दिव्यासाठी लागतो असं शहरातले लोक म्हणतात. खरं तर तो नांगराला लागतो आणि म्हातारपणी ताटात भात वाढायला लागतो.

आणि नेमकं याच वेळी, सप्टेंबर १९८० मध्ये, पक्षानं आपल्या सभासदांना जाहीर पत्र लिहिलं: एकच मूल.

एका हातानं मुलाची गरज दुप्पट करायची आणि दुसऱ्या हातानं एकच मूल होऊ द्यायचं. या दोन हातांच्या मध्ये सापडली ती बाई. पुढं जे घडलं त्याला ‘चिनी खेडुतांची जुनाट मनोवृत्ती’ म्हणून मोकळं होणं ही सरळ सरळ लबाडी आहे. जुनी मनोवृत्ती होतीच. पण तिला खतपाणी घालून ती नव्यानं उगवेल अशी जमीन सरकारनं तयार केली होती.

एका मुलाचा आकडा आला कुठून? बायकांना विचारून? दवाखान्यातल्या दायांना, गावच्या परिचारिकांना विचारून? तो आकडा पुढं रेटण्यात मोठा वाटा होता सोंग ज्येन या क्षेपणास्त्रांच्या शास्त्रज्ञाचा. क्षेपणास्त्राचा मार्ग काढायच्या गणितानं त्यानं लोकसंख्येचा मार्ग काढला. जन्म ही बाईच्या अंगावर घडणारी गोष्ट आहे हे त्या समीकरणात कुठंच नव्हतं.

आणि एवढी घाई कशाची होती? १९७० मध्ये चीनमध्ये बाईला सरासरी ५.८ मुलं होत होती. ‘लग्न उशिरा, पाळणा लांबवा, मुलं कमी’ या सत्तरच्या दशकातल्या मोहिमेत ती १९७९ पर्यंत २.८ वर आली होती. तीही मोहीम काही फुलाफुलांची नव्हती, तिच्यातही दटावणी होती. पण मोठी घट एक मूल धोरणाच्या आधी झाली होती. आपल्या केरळात १९७९ ला हा आकडा ३.० होता आणि १९९१ मध्ये १.८ झाला. चीनमध्ये त्याच काळात २.८ चा २.० झाला. हा हिशेब अमर्त्य सेन यांनी वारंवार मांडला आहे. केरळात बायकांची ऑपरेशनं करायला रात्री घराला वेढा पडला नव्हता. मुली शाळेत गेल्या, दवाखाना जवळ होता, बाळ जगण्याची खात्री होती. ‘चीननं करून दाखवलं’ म्हणणाऱ्यांना हे केरळचे आकडे तोंडपाठ का नसतात?

१९८३ हे वर्ष लक्षात ठेवायला हवं. नियम असा: पहिलं मूल झालं की तांबी, दुसरं झालं की नसबंदी. आपल्याकडच्या तांबीला निदान दोरा असतो. तिकडे लाखो बायकांच्या अंगात बसवली ती पोलादी कडी, बिनदोऱ्याची, म्हणजे तिला स्वतःला किंवा गावच्या सुईणीला काढता येऊ नये. त्या एका वर्षात २ कोटींहून अधिक नसबंद्या झाल्या. पाचांतल्या चार बायकांच्या. १ कोटी ७८ लाख कडी बसवली गेली, १ कोटी ४४ लाख गर्भपात झाले. घर पाडणं, डुक्कर ओढून नेणं, धान्य उचलून नेणं, सासूला कोंडून ठेवणं, सून हजर होईपर्यंत. ‘एकीला जास्तीचं मूल झालं तर सगळ्या गावाची नसबंदी’ असं भिंतींवर रंगवलेलं असायचं.

त्याच १९८३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्येच्या कामाचा आपला पहिला पुरस्कार दिला. तो दोघांत वाटून दिला. एक होते चीनच्या कुटुंबनियोजन आयोगाचे प्रमुख छ्येन शिनचोंग. दुसऱ्या होत्या आपल्या पंतप्रधान इंदिरा गांधी. आणीबाणीतल्या नसबंदीच्या जखमा भरल्या नव्हत्या, तिकडे तर मोहीम चालूच होती. दोघांना एका पंगतीला बसवणाऱ्यांनी निदान खोटं काही केलं नाही!

१९८० ते २०१४ या काळात, चीनच्याच सरकारी आकड्यांनुसार, ३२ कोटी ४० लाख वेळा बायकांना कडी किंवा तांबी बसवली गेली आणि १० कोटी ७० लाख बायकांच्या नळ्या बांधल्या गेल्या. धोरण ‘मऊ’ झालं असं सांगितलं जात होतं त्याही काळात २००५ मध्ये शांडोंग प्रांतातल्या लीनयी भागात हजारो बायकांवर जबरदस्ती झाली. ते उघड करणारा अंध, स्वशिक्षित वकील छेन ग्वांगछेंग चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला. जबरदस्ती करणाऱ्यांपैकी किती गेले, हे विचारायला नको. जून २०१२ मध्ये शेन्सी प्रांतात सात महिन्यांच्या गर्भार बाईला धरून नेऊन गर्भ पाडला, कारण घरच्यांना ४० हजार युआन दंड भरता आला नाही. तोच दंड शहरातला पैसेवाला हसत भरत होता. ‘कडक कायदा’ म्हणतात तो असा सगळ्यांसाठी कडक असतो.

१९८४ पासून खेड्यांना थोडी सूट मिळाली. याच सुटीत धोरणाचं खरं तोंड दिसतं. बहुतेक प्रांतांच्या खेड्यांत नियम झाला: पहिला मुलगा झाला तर बस्स, पहिली मुलगी झाली तर आणखी एक संधी. १९ प्रांतांत हा नियम होता. लोक त्याला ‘दीड मुलाचं धोरण’ म्हणतात. दीड! म्हणजे मुलगी किती, हे सरकारनंच छापून दिलं. अर्धी. ज्या राज्यघटनेत स्त्री-पुरुष समान लिहिले आहेत, त्याच देशाच्या नियमात मुलगी झालेल्या घराला ‘नुकसानभरपाई’ म्हणून दुसरा बाळंतपणाचा परवाना मिळत होता.

आता २००० सालच्या जनगणनेचा आकडा बघा. पहिल्या खेपेला १०० मुलींमागे १०७ मुलगे, म्हणजे जवळजवळ निसर्गाच्या हिशेबानं. दुसऱ्या खेपेला १०० मुलींमागे १५२. निव्वळ ‘जुनी मनोवृत्ती’ असती तर ती पहिल्याच बाळंतपणात दिसली असती. ती दिसते नेमकी तिथं, जिथं सरकारनं ‘ही शेवटची संधी’ असं लिहून ठेवलंय. सोनोग्राफीचं यंत्र ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलं होतं. बायकांच्या अंगातली कडी जागेवर आहे का हे तपासायलाही तेच यंत्र वापरलं जायचं. १९८२ मध्ये १०० मुलींमागे १०८ मुलगे जन्मत होते, २००४ मध्ये १२१. लिंगनिदानबंदीचा कायदा तिथंही १९९४ मध्ये झाला, आपला केंद्राचा झाला त्याच वर्षी. कायदा आणि यंत्र शेजारी शेजारी सुखानं नांदले, आपल्याकडच्यासारखेच.

आणि ज्या मुली जन्मल्या त्यांचं काय? इथं मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण हे प्रकरण सगळ्यात विकृत करून सांगितलं गेलं आहे. ‘चिनी लोक मुली टाकून देतात’ हे वाक्य जगभर फिरलं. के अ‍ॅन जॉन्सन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी, ज्या स्वतः एका चिनी मुलीच्या दत्तक आई होत्या, वर्षानुवर्षं आन्हुईच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन या वाक्याला तडा दिला. त्यांना दिसलं ते असं: लोकांना एक मुलगा हवा होता, पण मुलगीही हवी होती. दोन्ही असली की घर भरलं असं मानत. जास्तीच्या मुली मावशीकडे, आजीकडे, दुसऱ्या गावात लपवून वाढवल्या जात. ज्यांना मूल नाही, ज्यांना नुसते मुलगेच आहेत, अशी घरं मुलगी आनंदानं पदरात घेत. सरकारला हे चालेना, कारण लपवलेली मुलगी म्हणजे मुलग्यासाठी चोरलेली संधी. म्हणून १९९१ मध्ये दत्तक कायदा आला. दत्तक घेणारे निपुत्रिक हवेत आणि ३५ च्या वरचे हवेत. गावातली मायेची दारं कायद्यानं बंद केली. मुली अनाथालयात गेल्या. आणि १९९२ पासून परदेशी दत्तकाचा दरवाजा सताड उघडला.

दीड लाखांहून अधिक मुलं त्या दरवाजातून गेली, त्यातल्या बहुसंख्य मुली. परदेशी आईबाप अनाथालयाला प्रत्येक मुलामागे साधारण तीन हजार डॉलर ‘देणगी’ देत. २०११ मध्ये चिनी पत्रकारांनीच हुनान प्रांतातल्या लोंगह्वी तालुक्यातली गोष्ट बाहेर काढली. दंड भरू न शकलेल्या घरांतली तान्ही मुलं कुटुंबनियोजनाचे कर्मचारी उचलून नेत, शाओयांगच्या अनाथालयात देत, आणि तिथं सगळ्यांना एकच आडनाव लावलं जाई, शाओ. आई जिवंत, बाप जिवंत, मूल अनाथ. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीननं परदेशी दत्तक बंद केलं. काही सांगितलं नाही, माफी तर नाहीच.

ज्या लपून राहिल्या त्यांची नोंद नव्हती. नोंद नाही तर शाळा नाही, रेल्वेचं तिकीट नाही, लग्नाची नोंद नाही. २०१० च्या जनगणनेत असे १ कोटी ३० लाख लोक निघाले, बहुतेक ‘जास्तीच्या’ जन्मातले. त्यांची नोंद करून घ्या, असा हुकूम २०१६ मध्ये निघाला.

नोंदीवरून ‘हुकोउ’कडे येते. १९५८ च्या या कायद्यानं माणूस खेड्याचा की शहराचा हे जन्मानंच ठरलं. कारखाने निघाले तेव्हा खेड्यातल्या पोरी शहरात कामाला गेल्या, पण शहरातली शाळा, दवाखाना, रेशन, घर त्यांच्यासाठी नव्हतं. यातली एक गंमत अशी की १९९८ पर्यंत मुलाचा हुकोउ आईकडून यायचा. कुळ बापाचं, आडनाव बापाचं, घर बापाचं, पण गावाची बेडी आईची! खेड्यातल्या मुलीनं शहरातल्या पुरुषाशी लग्न केलं तर त्यांची पोरं खेडवळच.

म्हणून पोरं गावात राहिली. चीनमध्ये गावात मागे राहिलेल्यांना ‘३८-६१-९९ ची फौज’ म्हणतात. ३८ म्हणजे ८ मार्च, आपला महिला दिन. ६१ म्हणजे १ जून, बालदिन. ९९ म्हणजे नवव्या महिन्याचा नववा दिवस, वृद्धांचा सण. बाया, पोरं आणि म्हातारे. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची पोरं आजीकडे राहतात त्यासारखंच, पण सहा महिन्यांसाठी नाही, वर्षानुवर्षं. २०१३ च्या अखिल चीन महिला महासंघाच्या अहवालात अशी ६ कोटी १० लाख मुलं होती, देशातल्या पाच मुलांमागे एकाहून जास्त. २०१६ मध्ये सरकारनं हा आकडा ९० लाखांवर आणला. कसा? व्याख्या बदलून. आईबाप दोघंही बाहेर असतील तरच, किंवा घरी असलेला एक सांभाळायला असमर्थ असेल तरच, ते मूल मागे राहिलेलं. आई शेत, सासू-सासरे आणि पोरं एकटीनं ओढत असेल तर त्या घराला काही कमी नाही, असं ठरलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. नव्वदच्या दशकात चीन हा जगातल्या अगदी थोड्या देशांपैकी होता, जिथं बायका पुरुषांपेक्षा जास्त आत्महत्या करत होत्या. खेड्यातलं प्रमाण शहराच्या तिप्पट होतं, आणि तरुण बायकांच्या हाताशी असायचं कीटकनाशक. बीजिंगमध्ये श्ये लीह्वा यांनी १९९३ मध्ये खास खेड्यातल्या बायकांसाठी मासिक काढलं आणि या मरणांवर लिहायला, गावागावांत काम करायला सुरुवात केली. पुढच्या वर्षांत हे प्रमाण झपाट्यानं उतरलं. त्याचं मोठं कारण अभ्यासक सांगतात ते हे, की मुली गाव सोडून गेल्या. सासूपासून, मारणाऱ्या नवऱ्यापासून, त्या बाटलीपासून लांब. कारखान्यातलं बारा तासांचं काम, आठजणींची खोली, आणि तरीही सुटका. त्या सासरच्या घरात काय होतं याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता देणार?

पण गाव सोडलं, लग्न झालं, घटस्फोट झाला, की जमीन जाते. हा प्रश्न आपला अगदी ओळखीचा आहे. सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं म्हणून आपण किती वर्षं झगडतो आहोत. तिकडे जमीन गावाच्या मालकीची आणि घराला करारानं दिलेली. नव्वदच्या दशकात करार ३० वर्षांचे झाले आणि माणसं वाढली-घटली तरी वाटप बदलायचं नाही, असं धोरण आलं. ऐकायला निर्मळ. पण मुलगी लग्न करून जाते तेव्हा माहेरचा तिचा वाटा भावाकडे राहतो आणि सासरच्या गावात नवा मिळत नाही. ‘लग्न झालेली मुलगी म्हणजे ओतून दिलेलं पाणी’ अशी तिकडची म्हण आहे. २००२ च्या कायद्यात लिहिलं, की सासरी जमीन मिळेपर्यंत माहेरची काढून घेऊ नये. गावसभेनं बहुमतानं ठराव केला, की आमच्या गावात असं चालत नाही. शहर वाढत आलं, जमिनीची भरपाई वाटली जाऊ लागली, तेव्हा लग्न झालेल्या, घटस्फोट घेतलेल्या, विधवा मुलींची नावं यादीतून कापली गेली. कोर्टात गेल्या तर उत्तर मिळालं, हा गावाच्या स्वराज्याचा प्रश्न आहे. गर्भाशयाच्या बाबतीत गावाला कसलं स्वराज्य नव्हतं. तिथं जिल्ह्याची गाडी थेट दारात येत होती.

घरजावयाची वाट कायद्यानं उघडी होती. १९८० च्या विवाह कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की लग्नानंतर बाई नवऱ्याच्या किंवा नवरा बायकोच्या कुटुंबात जाऊ शकतो. सरकारनं २००३ नंतर ‘मुलींची काळजी घ्या’ मोहिमेत त्याचे फलकही लावले. पण बऱ्याच गावांचा नियम असा, की मुलगा नसलेल्या घरातल्या एकाच मुलीला घरजावई आणता येईल. दुसरीनं आणला तर त्याला जमीन नाही. कुटुंबनियोजनाचे नियम मोडले तर घर पाडणाऱ्या सरकारनं हा नियम मोडण्यासाठी एक वीटही हलवली नाही.

मुली कमी झाल्या, की मुलींची किंमत वाढेल, असं म्हणणारे अर्थशास्त्री आपल्याकडेही होते. वाढली. मुलाच्या बापानं मोजायची रक्कम वाढली आणि बायका विकल्या जाऊ लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये जिआंगसू प्रांतातल्या फेंग तालुक्यात एका पडवीत गळ्याला साखळी बांधलेली बाई दिसली. आठ मुलांची आई. १९९८ मध्ये युन्नानहून विकून आणलेली. अधिकारी आधी म्हणाले, रीतसर लग्न झालंय, विक्रीबिक्री काही नाही. लग्नाचा तो कागद सरकारी कचेरीनंच दिला होता. देशभरातल्या बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा चौकशी झाली, आणि एप्रिल २०२३ मध्ये नवऱ्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तिचं पहिलं मूल १९९९ चं. म्हणजे गावातली प्रत्येक पाळी मोजणाऱ्या यंत्रणेला ही बाई, तिची साखळी आणि तिची पोटं दिसत नव्हती. दिसत नव्हती असं कोण मानेल?

आता तोटी उलटी फिरली आहे. २०१६ मध्ये दोन मुलं, २०२१ मध्ये तीन. २०१६ साली १ कोटी ७८ लाख जन्म झाले होते, २०२३ मध्ये ९० लाख. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शी जिनपिंग यांनी महिला महासंघाच्या नव्या पदाधिकाऱ्यांना लग्न आणि मूल यांची ‘नवी संस्कृती’ घडवायला सांगितलं. २०२५ मध्ये तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३६०० युआन जाहीर झाले, आणि २०२६ च्या जानेवारीपासून निरोधवर १३ टक्के कर बसला, तीन दशकांची सूट काढून. सहमतीनं घटस्फोट घ्यायचा तर २०२१ पासून तीस दिवस ‘डोकं थंड’ करायचे. पूर्वी गर्भ राहिला का म्हणून पाळत ठेवणारी यंत्रणा आता ‘काही बातमी आहे का’ म्हणून फोन करते, असं कित्येकींनी सांगितलं आहे. ज्यांच्या अंगात वीस वर्षं कडी होती त्यांना ती फुकट काढून द्यायची सोयही सरकारनं केली. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला, आता!

आपल्याकडच्या ‘कडक कायदा’वाल्यांनी फार लांब जायची गरज नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायत बंद, असा नियम झाला. आरक्षणामुळे बाया नुकत्या कुठं चावडीवर यायला लागल्या होत्या. तिसरं मूल नको म्हणण्याची ताकद घरात जिला नव्हती, तिलाच घरातल्यांच्या हट्टापायी खुर्ची सोडावी लागली. चीनइतकं क्रौर्य इथं नाही, बरोबर. हिशेब तोच आहे: निर्णय घराचा, शिक्षा बाईची. आणि तीन मुलांचा उपदेश करणाऱ्यांनी तिसऱ्या मुलाच्या पाळणाघराचा उल्लेख केलेला मी तरी ऐकलेला नाही.

१९९५ मध्ये आपल्यातल्या कितीतरी जणी बीजिंगला गेल्या होत्या. सरकारनं संस्था-संघटनांचा मेळा शहराबाहेर, पन्नासेक किलोमीटर लांब ह्वायरोउला नेऊन ठेवला होता, तो चिखल आणि पाऊस अनेकींना आठवत असेल. त्याच परिषदेच्या उमेदीत वकील ग्वो ज्येनमेई यांनी तिथं बायकांसाठी कायदा सल्ला केंद्र सुरू केलं. खेड्यातल्या लग्न झालेल्या मुलींच्या जमिनीचे खटले ते केंद्र वीस वर्षं लढलं. मार्च २०१५ मध्ये, महिला दिनाच्या तोंडावर, बसमधल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटण्याच्या तयारीतल्या पाच तरुण स्त्रीवादी कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचललं आणि ३७ दिवस डांबलं. २०१६ च्या सुरुवातीला ग्वो ज्येनमेई यांचं केंद्र बंद करायला लावलं.

जून २०२४ मध्ये गावच्या सामूहिक संपत्तीचा नवा कायदा झाला. लग्न झालं, घटस्फोट झाला, नवरा वारला, म्हणून बाईचं सभासदत्व काढता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. १ मे २०२५ पासून तो लागू झाला. यादी करायची आहे गावच्या समितीनं, ज्या समितीनं आजवर नावं कापली तिनंच. आणि नाव नसलेल्या बाईचा अर्ज घेऊन तिच्याबरोबर कोर्टात जाणाऱ्या त्या केंद्राला कुलूप आहे.